आधी तुकडा, मग तारीख

वयाच्या सहासष्टाव्या वर्षी मिरजेतल्या एका निवृत्त शिक्षिकेने गर्भपिशवी काढून टाकायचं ठरवलं, तेव्हा घरातून विरोध झाला तो एकट्या नणंदेचा. नवरा 'डॉक्टर म्हणतील तसं' म्हणून मोकळा झाला, मुलाने मेडिक्लेमचे कागद शोधायला घेतले, सुनेने रजेचा अर्ज लिहिला. वन्संचा मात्र बीड जिल्ह्यातून तडक फोन आला. "तारीख कुणाला विचारून घेतलीस?"

वन्सं एकाहत्तरच्या. सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून सगळी नोकरी झालेली, त्यातली बरीचशी बीडकडेच. ऑपरेशन म्हटलं की घाबरणाऱ्यांतल्या त्या नव्हेत, पण 'पिशवी काढायची' हे शब्द कानावर पडले की त्यांचा आवाज चढतो. दोघींच्या नावांना इथे काही महत्त्व नाही. घरात त्या एकमेकींना वन्सं आणि वहिनी म्हणतात, तेच पुरे.

वहिनींची तक्रार जुनीच. अंग बाहेर येत होतं. तीन बाळंतपणं, वर्गात उभं राहून काढलेली तीसेक वर्षं, खडूच्या धुळीचा खोकला. आधी संध्याकाळी ओटीपोट जड वाटायचं, मग अंघोळ करताना हाताला गोळा लागायला लागला. अलीकडे लघवी पूर्ण व्हायची तर तो बोटाने वर सारावा लागे. एसटीने कोल्हापूरला लग्नाला जायचं ठरलं की आहेराआधी स्टँडवरचं स्वच्छतागृह आठवायचं.

"पाळी जाऊन चौदा वर्षं झाली," वहिनी म्हणाल्या. "आता ती पिशवी काय कामाची? अडगळीची खोली आहे नुसती. रिकामी केली की सुटले."

"खोली रिकामी करशील, पण भिंतीच ढासळल्यात त्याचं काय? तुझी नुसती पिशवी उतरलेली नाही. पुढून मूत्राशय खाली आलंय, मागून गुदाशय आलं असेल. पिशवी काढली आणि बाकीचं सावरलं नाही, तर चार-पाच वर्षांनी त्याच वाटेने दुसरं काहीतरी खाली येईल."

हे वहिनींना नवीन होतं. पिशवीच नाही म्हटल्यावर बाहेर येणार काय, असा त्यांचा सरळ हिशेब, आणि तो पुष्कळ जणींचा असतो. खरं तर अंग बाहेर येणं हा पिशवीचा आजारच नव्हे. तिला धरून ठेवणारे बंध आणि कटितळाचे स्नायू सैल झालेले असतात, पिशवी बिचारी फक्त खाली घसरते. म्हणून या वयातल्या शस्त्रक्रियेत काढण्यापेक्षा शिवण्याला महत्त्व जास्त. योनीच्या भिंती दुरुस्त करायच्या आणि वरचं टोक जवळच्या मजबूत बंधांना टाके घालून टांगायचं.

वन्संच्या विरोधामागे मात्र शरीरशास्त्रापेक्षा आठवणी जास्त होत्या. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांची बातमी देशभर गाजली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली. ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहांत एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये देशाचं प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होतं. त्याच राष्ट्रीय पाहणीत ऑपरेशनच्या वेळचं मध्यक वय ३४. दोनतृतीयांश ऑपरेशनं खासगी दवाखान्यांत झालेली.

"पांढरं जातं म्हणून आलेल्या पोरी गं," वन्सं सांगतात. "तिशी नाही उलटली. गोळ्यांनी बरी होणारी दुखणी. कुणी सांगायचं कॅन्सर होईल, कुणी मुकादमाच्या खाड्याला घाबरायची. उचल घेतलेली, कोयता थांबला की दंड. पिशवी काढून पुन्हा फडात. पुढे कंबर धरते, अंगातून वाफा येतात, पस्तिशीत म्हातारपण. ते सगळं डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून विचारते, कुणाला विचारून तारीख घेतलीस?"

या रागाला पुढे कायद्याचीही साथ मिळाली. बीडमध्ये अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. केंद्राने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती तीन महिन्यांत लागू करा असं राज्यांना बजावलं.

"पण मी तीस वर्षांची नाही, वन्सं!" वहिनींचं उत्तर बिनतोड होतं. "आणि मला कुणी घाबरवलेलं नाही. मला त्रास होतोय."

"रिंग बसवून पाहिलीस?"

पाहिली होती. योनीत बसवायची ही रिंग पिशवीला खालून आधार देते. काही महिन्यांनी ती काढून, धुऊन किंवा बदलून पुन्हा बसवायची. ज्यांना भूल झेपणार नाही त्यांचं उरलेलं आयुष्य तिच्यावर आरामात निघतं. आणि झेपणार असली तरी काहींना शस्त्रक्रिया नकोच असते. वहिनींची रिंग शिंकलं की सुटून यायची, मोठी घातली तर टोचायची. कटितळाचे व्यायामही त्यांनी केले होते. अर्नोल्ड केगल या अमेरिकन डॉक्टरने १९४८ साली लिहून प्रसिद्ध केलेले हे व्यायाम, कळ काढताना लघवी धरतो तसे स्नायू आवळायचे आणि सोडायचे. सौम्य उतरणीत चार महिने नेटाने केले तर फरक पडतो. वहिनींचा गोळा बाहेर आलेला. तिथे व्यायामाने मागे जाण्याइतकी गोष्ट लहान उरली नव्हती.

वन्संचा विरोध इथे खरं तर संपायला हवा होता. रिंगेचा विषय चाललाच होता म्हणून वहिनी सहज बोलून गेल्या, "आणि रिंग काढली तरी दोनदा डाग पडलाच की."

"कसला डाग?"

"रक्ताचा. थोडासाच. श्रावणात एकदा आणि मग गणपतीत."

पलीकडे क्षणभर आवाज नाही. मग वन्संनी बाजूच बदलली. "डॉक्टरांना सांगितलंस?"

"त्यांनी पाळी कधी गेली ते विचारलं, मी सांगितलं. डागाचं कुणी विचारलं नाही."

"मग आधी तुकडा. मग तारीख. उद्याच जा."

"अहो, आत्तापर्यंत तुम्हीच घाई नको म्हणत होतात!"

"पिशवी काढायची घाई नको म्हणत होते. रक्ताला थांबायचं नसतं."

या एका वाक्यात उतारवयातल्या या शस्त्रक्रियेचं निम्मं शहाणपण आहे. आपल्याकडे चित्र नेमकं उलटं दिसतं. ज्या वयात थांबायला हवं तिथे पिशव्या निघतात, आणि ज्या वयात एकही आठवडा घालवू नये तिथे 'उष्णता झाली असेल' म्हणून धणे-जिऱ्याचं पाणी प्यायलं जातं. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त गेलं, मग तो एक डाग का असेना, तपासणी व्हायलाच हवी. अशा शंभर बायकांपैकी नऊ-दहा जणींना गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग निघतो. नव्वद जणींना निघत नाही हेही तितकंच खरं. आतली त्वचा सुकलेली असते, एखादा साधा पॉलिप असतो, रिंग घासून जखम झालेली असते. पण कोण नऊमधली आणि कोण नव्वदमधली, हे वरून कळत नाही. लठ्ठपणा, मधुमेह किंवा स्तनाच्या कर्करोगासाठीची टॅमॉक्सिफेनची गोळी असेल तर पारडं आणखी झुकतं. यात दिलासा एवढाच की हा कर्करोग बहुतेक वेळा रक्ताची वर्दी देऊन येतो. पिशवीपुरता मर्यादित असताना सापडला, तर बहुतेक जणी पूर्ण बऱ्या होतात.

'तुकडा', म्हणजे अस्तराची बायॉप्सी, ऑपरेशनच्या आधीच का, या वहिनींच्या प्रश्नालाही वन्संपाशी उत्तर होतं. कर्करोग असेल तर ऑपरेशनच वेगळं. बीजकोश, नलिका काढायच्या, पोटात सगळीकडे पाहायचं, लागलं तर लसिकाग्रंथी तपासायच्या. खालच्या वाटेने पिशवी काढून मोकळं झाल्यावर रिपोर्टमध्ये कर्करोग वाचायला मिळणं म्हणजे दुसऱ्यांदा टेबलावर जाणं.

आतून केलेल्या सोनोग्राफीत अस्तर ६ मिलिमीटर निघालं. रक्त गेलेल्या बाईत ते ४ पर्यंत असेल तर धोका फार कमी मानतात, त्याहून जाड असेल तर तुकडा तपासतात. बारीक नळी घालून ओपीडीतच घेतला. कळ आली, पण दात काढण्याइतकी नाही, असा वहिनींचा अभिप्राय. आठवड्याने रिपोर्ट आला. कर्करोग नाही, साधा पॉलिप. शिवाय बाहेर घासून झालेली एक जखम होती, तिच्यासाठी डॉक्टरांनी इस्ट्रोजेनचं मलम लिहून दिलं आणि ती भरेपर्यंत तारीख पुढे ढकलली.

"बघा, निघालं का काही?" वहिनी.

"काही नाही हे कळलं, तेच निघालं," वन्सं. आणि मग त्यांनी ऑपरेशनला होकार दिला. त्यांचा होकार कुणी मागितला नव्हता, ही गोष्ट वेगळी.

दुसरा वाद दुर्बिणीचा. शेजारणीचं दुर्बिणीतून झालं होतं, म्हणून वहिनींनाही तेच हवं होतं. दुर्बिणीला आपल्याकडे आता प्रतिष्ठा आहे. वन्संनी त्यांना समजावलं की पिशवी खाली उतरलेलीच आहे, ती खालूनच काढायची, पोटाला एकही छेद नाही. ही सगळ्यांत जुनी वाट. जर्मनीच्या लांगेनबेकने १८१३ साली भूल नसताना याच वाटेने पिशवी काढली होती. हॅरी राइखने दुर्बिणीतून पहिल्यांदा काढली ती १९८८ साली. बाकीचं सगळं जमण्यासारखं असेल तर खालची वाट अजूनही पहिली पसंती मानतात.

पिशवी ठेवूनही अंग वर बांधता येतं, आणि यात आपल्याकडच्या माणसाचं नाव आहे. गोव्यातल्या शिरोड्याचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर जगाला माहीत आहेत ते गर्भ टिकावा म्हणून गर्भाशयमुखाला घालायच्या टाक्यामुळे. पण ज्यांना अजून मुलं हवीत अशा तरुण बायकांची उतरलेली पिशवी न काढता, पट्टीने मागच्या हाडाला टांगायची शस्त्रक्रियाही त्यांचीच. वहिनींना तिची गरज नव्हती. बीडच्या गोष्टीनंतर ती आठवते, एवढंच.

संमतीपत्रावर सही करण्याआधी ते वाचून घे, असं वन्संनी तीनदा बजावलं. बीजकोश काढणार की ठेवणार, हे त्यात लिहिलेलं असतं आणि बहुतेक घरांत ते ऑपरेशननंतर कळतं. पाळी चालू असलेल्या बाईचे निरोगी बीजकोश काढले तर हाडांना आणि हृदयाला तोटा होतो. सहासष्टाव्या वर्षी त्यांचं काम जवळपास थांबलेलं असतं, त्यामुळे काढले तरी अचानक वाफा वगैरे काही येत नाही. तरी निर्णय विचारून व्हावा. वहिनींनी विचारलं. सहज हाताला आले तर काढू, नाहीतर त्यांच्यासाठी पोट उघडणार नाही, असं उत्तर मिळालं आणि ते त्यांना पटलं.

मधल्या आठवड्यांत तयारी चालली. हिमोग्लोबिन ९.८ होतं. वन्संच्या मते ऑपरेशनच्या बाटलीभर रक्तापेक्षा आधीचं महिनाभराचं लोह बरं. वहिनींना मधुमेहही होता, साखरेची तीन महिन्यांची सरासरी आठच्या खाली आली. भूलतज्ज्ञांनी गोळ्यांची पिशवीच उपडी करायला लावली, हा प्रसंग वहिनी अजून रंगवून सांगतात. साखरेची डापाग्लिफ्लोझिन ऑपरेशनच्या तीन दिवस आधी बंद, रक्तदाबाची गोळी मात्र सकाळी घोटभर पाण्याबरोबर चालू. गावातल्या वैद्यांचं एक चूर्ण त्यात निघालं, त्याचा पत्ता डॉक्टरांना नव्हताच. रक्त पातळ करणारी गोळी कुणाला चालू असेल तर ती परस्पर बंद करायची नाही. हृदयाच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशीच करायची. नळीतून श्वास आत ओढून तीन चेंडू वर उचलायचा व्यायाम आधीपासून सुरू झाला, कारण खडूचा खोकला. खोकला आला की नवे टाके ताणले जातात.

मुलाच्या मेडिक्लेमला तीन वर्षं झाली होती म्हणून निभावलं. पुष्कळ पॉलिसींत कर्करोग नसलेल्या पिशवीच्या ऑपरेशनला २४ महिन्यांची प्रतीक्षा असते. हे लोकांना कळतं ते दवाखान्याच्या बिलखिडकीपाशी.

रात्रभर उपाशी राहायचं, पाण्याचा थेंब नको, हे वन्संच्या नोकरीतलं शास्त्र. आता ते बदललंय. घन अन्न सहा तास आधीपर्यंत, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, असं भूलतज्ज्ञ म्हणाले. वन्संना ते आवडलं नाही. "आमच्या वेळी..." म्हणून त्यांनी सुरुवात केली आणि वहिनींनी त्यांना त्यांचंच वाक्य ऐकवलं, "डॉक्टरांना विचारलंत का?"

हातातल्या काचेच्या बांगड्या काढायला वहिनी तयार नव्हत्या. सिस्टरनी चिकटपट्टी लावून दोन ठेवू दिल्या. बोटांवरची मेंदी मात्र अडचणीची ठरली, कारण ऑक्सिजन मोजणारा चिमटा गडद रंगावर कधी कधी फसतो. नशिबाने पायाची बोटं कोरी होती.

वन्सं बीडहून आल्या, आणि ऑपरेशन कमरेतून भूल देऊन झालं. संध्याकाळी वहिनी बसल्या, चहा घेतला. दुसऱ्या सकाळी योनीत रक्त थांबवायला भरलेला लांबलचक कापडी बोळा काढला, लघवीची नळी काढली, आणि मग लघवीच होईना. दुपारी नळी पुन्हा घालावी लागली. वहिनी रडकुंडीला आल्या. "तुम्ही म्हणाला नव्हतात असं काही होतं!"

"दुरुस्ती पुढून झालीय, सूज आहे. दोन दिवसांत होईल." झालीही.

वाद रंगला तो घरी आल्यावर. वहिनींची थोरली बहीण सांगलीहून पोटाचा पट्टा आणि डिंकाचे लाडू घेऊन आली. बाळंतिणीसारखं सव्वा महिना पलंगावरून उतरायचं नाही, हा तिचा बेत, आणि वहिनींना तो मनापासून पसंत. आयुष्यात पहिल्यांदा कुणी हातात ताट आणून देत होतं.

"पलंग सोड," वन्सं कडाडल्या. "पायात गुठळी होईल. दर तासाला उठून घरात फिर. रोज थोडं वाढव."

"टाके तुटतील."

"चालून तुटत नाहीत. वजन उचलून आणि कुंथून तुटतात."

दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं होतं. आरामाची बाजू अगदीच टाकाऊ नाही. सहा आठवडे, दुरुस्ती मोठी असेल तर त्याहून जास्त, चार-पाच किलोंच्या वर काही उचलायचं नाही. पाच लिटरचा तेलाचा डबा ही साधारण हद्द. भरलेली बादली, गॅसची टाकी, ओली चादर पिळणं, वरच्या फळीवरचा डबा सगळं बंद. आणि सगळ्यांत अवघड म्हणजे दोन वर्षांचा नातू, बारा किलोंचा. तो पाय धरून 'घे' म्हणतो तेव्हा कुठलं शास्त्र आठवत नाही. शेवटी सुनेने युक्ती काढली. आजी आधी खुर्चीत बसणार, मग त्याला कुणीतरी मांडीवर देणार.

पट्टा गेला. पोटावर घाव नव्हताच, आणि वरून आवळलं की जोर खालीच येणार, असं वन्संचं म्हणणं. लाडू मात्र राहिले, रोज अर्धा, साखर तपासून. बद्धकोष्ठ हा या दुरुस्तीचा पहिला शत्रू, आणि लोहाच्या गोळ्या व दुखण्याची औषधं तो हटकून आणतात. रात्री इसबगोल, दिवसभर पाणी, उकिडवं बसण्याऐवजी कमोड, आणि पायाखाली लाकडी पाट. पाटावर पाय ठेवले की गुडघे वर येतात, कुंथावं लागत नाही. देवघरातला जुना पाट तिथे गेला म्हणून दोन दिवस घरात कुजबुज झाली.

खालून तपकिरी स्राव जात राहिला, मध्ये टाक्याचा एक दोराही पडला. दोन्ही अपेक्षित. वन्संनी सुनेला कागदावर लिहून दिलं ते वेगळं होतं. तासाभरात पॅड भिजवणारं लाल रक्त, घाण वास, ताप, एकाच पोटरीला सूज, दम लागणं, लघवी अडणं किंवा सतत पाण्यासारखी ठिबकणं. यांतलं काहीही दिसलं की रात्र असली तरी दवाखाना. फ्रिजवर चुंबकाने लावलेला तो कागद शेजारणीने फोटो काढून नेला.

एक प्रश्न कुणीच विचारत नव्हतं. डिस्चार्जच्या कागदावरही त्याबद्दल ओळ नव्हती. वन्संनीच विचारलं, भाऊ बाहेर गेलेला पाहून. "आठ आठवडे तरी जवळ यायचं नाही, हे त्याला सांगितलंस?"

"काहीतरीच काय, या वयात!"

"या वयात काय? वरचं टोक शिवलेलं आहे, ते भरायला वेळ लागतो. नंतर कोरडं वाटलं तर मलम आहेच. सांगितलंस की नाही?"

वहिनींनी उत्तर दिलं नाही, पण त्या रात्री सांगितलं असावं.

सहा आठवड्यांच्या तपासणीच्या आदल्या दिवशी वन्संचा पुन्हा फोन. काढलेली पिशवी पॅथॉलॉजीला गेली होती, त्याचा रिपोर्ट कुठे आहे? फाइलमध्ये नव्हता. दवाखान्याला वाटलं घरच्यांनी नेला, घरच्यांना वाटलं दवाखाना सांगेल. असे कितीतरी रिपोर्ट लॅबच्या कपाटात पडून असतात. मुलगा बँकेतून अर्धी रजा टाकून घेऊन आला. कर्करोगाचा मागमूस नाही, एक लहानशी गाठ, साधी. वहिनींनी तो आधीच्या तुकड्याच्या रिपोर्टाला टाचणी मारून फाइलला लावला.

"म्हणजे आता ते गर्भाशयमुखाचं तपासणं वगैरे नको ना?"

"मुखच राहिलं नाही, आणि रिपोर्ट साधा आहे. नको. पण पुन्हा कधी डाग पडला तर त्याच दिवशी फोन करायचा."

"तुम्हाला की डॉक्टरांना?"

"डॉक्टरांना. मला नंतर."